एका ग्रंथसंन्यासाची कैफियत

अपुरा राहिलेला ग्रंथ हा आपल्याकडे लेखकाचा अपराध समजला जातो. कोणी घर अर्धें टाकलें तर शेजारीपाजारी त्याची पैशाची अडचण समजून घेतात. कोणी विहीर अर्धी सोडली तर खालीं खडक लागला असेल असें म्हणतात. परंतु कोणी पुस्तक अर्ध्यावर सोडलें कीं आळस, चंचलता आणि स्वभाषेविषयींची अनास्था असे तीन आरोप त्याच्या दारीं येऊन उभे राहतात. गेलीं दोन वर्षें हे तिन्ही आरोप मी ऐकत आलों आहें. आरोप करणारे माझे स्नेही आहेत, विद्वान् आहेत, आणि मराठीविषयींची त्यांची कळकळ खरी आहे. म्हणूनच त्यांना उत्तर देणें अवश्य आहे. कारण खऱ्या कळकळीनें धरलेला चुकीचा मार्ग हा लबाडाच्या मार्गाहून अधिक नुकसान करतो. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, मीं तो ग्रंथ टाकला हेंच मराठीच्या हिताचें झालें; आणि तशा प्रकारचे जे ग्रंथ आज पुरे होऊन छापले जात आहेत, त्यांच्या कर्त्यांनींच खरें तर कैफियत द्यावयास हवी.

टाकलेला ग्रंथ कोणता तें प्रथम सांगितलें पाहिजे. महाजालावर संकेतस्थळ उभारणाऱ्याला प्रत्येक वेळीं पायापासून आरंभ करावा लागूं नये म्हणून कांहीं कसबी मंडळींनीं तयार सांगाडे करून ठेविलेले असतात. घर बांधणाऱ्याला खांब, तुळया आणि चौकटी घडविलेल्या मिळाव्या, आणि त्यानें भिंती व रंग तेवढे आपल्या मनाप्रमाणें करावे, तसा हा प्रकार. या सांगाड्यांना फ्रेमवर्क म्हणतात. त्यांपैकीं जँगो नांवाचा सांगाडा अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत, लॉरेन्स या गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत २००३ सालीं जन्मास आला. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघां तरुणांना बातमीच्या घाईंत वरचेवर नवीं पानें उभारावीं लागत. त्या निकडींतून त्यांनीं तो पायथन भाषेंत रचिला आणि पुढें एका नामांकित गिटारवादकाच्या नांवावरून त्याला नांव मिळालें. २००५ च्या जुलैंत तो सर्वांना खुला झाला. खुला म्हणजे केवळ फुकट असें कोणी समजूं नये. त्याची मूळ संहिता कोणीहि वाचावी, बदलावी आणि बदललेली दुसऱ्याला द्यावी, असा परवाना त्याच्याबरोबर येतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात तें हें.

अशा वस्तूवर मराठींत ग्रंथ असावा ही इच्छा मला झाली ती गंगापुरामुळें. तालुक्याच्या या गांवीं महाविद्यालयांत येणारीं मुलें बहुतेक मराठी शाळांतून आलेलीं असतात. त्यांची बुद्धि शहरांतील मुलांच्या बुद्धीहून उणी नाहीं; चिकाटी तर कांकणभर अधिकच आहे. पण जँगोची मार्गदर्शिका इंग्रजींत आहे, आणि हीं मुलें प्रत्येक वाक्य एकदां भाषेसाठीं आणि पुन्हां एकदां विषयासाठीं असें दोनदां वाचतात. दोनदां वाचणारा मागें राहतोच. जें ज्ञान त्याच्या कर्त्यांनीं साऱ्या जगाला वांटून टाकलें, तें या मुलांच्या दारापर्यंत येतें आणि उंबरठ्यावर अडतें, हें पाहून मला अस्वस्थ वाटे. म्हणून २०१६ च्या उन्हाळ्याच्या सुटींत मीं चौदा प्रकरणांचा आराखडा केला आणि लिहावयास बसलों. त्या वेळीं जँगोची १.९ ही आवृत्ति चालू होती.

ऑगस्टांत १.१० आली, पुढच्या एप्रिलांत १.११ आली, मीं किरकोळ दुरुस्त्या केल्या. २०१७ च्या डिसेंबरांत २.० आली आणि तिनें माझीं तीन प्रकरणें एका दिवसांत जुनीं केलीं. संकेतस्थळावरील पानांचे पत्ते मांडण्याची रीति बदलली. दोन तक्ते एकमेकांस जोडतांना, मूळ नोंद खोडली गेली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदींचें काय करावयाचें, हें स्पष्ट लिहिणें सक्तीचें झालें. पायथनच्या दुसऱ्या पिढीचा आधार जँगोनें कायमचा सोडला. आणि खुद्द ती पिढीहि १ जानेवारी २०२० रोजीं अधिकृतपणें संपली. मीं पुन्हां लिहिलें. २०१९ च्या डिसेंबरांत ३.०, २०२१ च्या डिसेंबरांत ४.०, २०२३ च्या डिसेंबरांत ५.० अशा पिढ्या येत गेल्या. आणि मधल्या आवृत्त्या धरल्या तर साधारण दर आठ महिन्यांनीं एक नवी, असा या सांगाड्याचा नियमच आहे. दर दोन वर्षांनीं एक दीर्घायुषी आवृत्ति निघते आणि तिचा सांभाळ तीन वर्षें होतो, एवढीच काय ती सवलत. नववें प्रकरण संपत आलें तेव्हां पहिलें प्रकरण तिसऱ्यांदा शिळें झालें होतें. २०२४ च्या आरंभीं मीं लेखणी खालीं ठेविली.

यांत जँगोच्या कर्त्यांचा मी कांहींहि दोष मानीत नाहीं. चोरवाटा सांपडतील तशा बुजविल्या पाहिजेत, जुन्या चुका सुधारल्या पाहिजेत; जें सॉफ्टवेअर बदलत नाहीं तें मेलेलें असतें. जँगो तर या बाबतींत फार संयमी आहे. अँग्युलर नांवाचा दुसरा एक सांगाडा २०१० सालीं निघाला. २०१६ सालीं त्याच्या कर्त्यांनीं तो मुळापासून नव्यानें रचिला, आणि २०२१ संपतांना जुन्याचा सांभाळहि थांबविला. जुन्यावर लिहिलेले ग्रंथ कपाटांत तसेच राहिले. ज्या वस्तूविषयीं ते बोलत होते तीच वस्तु मागें पडली.

आमच्या तालुक्यांतील माणसाला हें एका दाखल्यानें चटकन् समजेल. पैठणचें धरण १९७६ सालीं पुरें झालें आणि नाथसागराचें पाणी गोदावरीच्या कांठानें वर चढत आमच्या तालुक्यांत शिरलें. त्यापूर्वीं छापलेला नकाशा हातीं धरून आज कोणी निघाला, तर नकाशावरची वाट त्याला पाण्यांत नेईल. नकाशा काढणारानें खोटें लिहिलें नव्हतें. त्या दिवशीं ती वाट होती, तिच्यावरून बैलगाड्या जात होत्या. परंतु तोच नकाशा आज पुन्हां छापून तालुक्याचा मार्गदर्शक म्हणून विकणारा मात्र निश्चितपणें खोटें बोलतो. माझीं नऊ प्रकरणें अशा नकाशासारखीं झालीं होतीं. तीं प्रामाणिकपणें लिहिलेलीं होतीं. प्रामाणिकपणें छापतां येण्यासारखीं मात्र उरलीं नव्हतीं.

एका प्रकाशकानें, ज्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, मला सुचविलें कीं आहे तें छापून टाकावें, मुखपृष्ठावर आवृत्तीचा आंकडा घालूं नये म्हणजे झालें, तपासतो कोण? मोह पडला नाहीं असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. सात वर्षांच्या रात्री त्या कागदांत गेल्या होत्या. पण त्याच सुमारास जवळच्या एका खेड्यांतला विद्यार्थी माझ्याकडे आला. त्यानें शहरांतील रद्दीच्या दुकानांतून याच विषयावरचें एक जुनें पुस्तक घेतलें होतें आणि त्यांतील पहिला धडा आठ दिवस तो संगणकावर उतरवीत होता. पत्ता जोडण्याची जी आज्ञा त्या पुस्तकांत होती ती ४.० आवृत्तींतून काढून टाकलेली. त्यामुळें पडद्यावर प्रत्येक वेळीं तांबड्या अक्षरांत चूक दाखविली जाई. मुलगा म्हणाला, “सर, पुस्तकांत छापलंय तसंच केलं, तरी जमत नाहीं. माझंच कुठं तरी चुकत असेल.”

हें वाक्य माझ्या टीकाकारांनीं जरा थांबून वाचावें. ज्याच्या घरांत पुस्तकांची सवय आहे तो मुलगा म्हणाला असता कीं पुस्तक जुनें दिसतें. ज्याच्या घरीं शिकणारा तोच पहिला, त्याला छापील अक्षर खोटें असूं शकतें ही कल्पनाच शिवत नाहीं. पोथीवर, सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर ज्या कुळानें आजवर विश्वास ठेविला त्या कुळांतला तो मुलगा. छापील अक्षर आणि आपली बुद्धि यांत विरोध आला तर तो आपल्या बुद्धीला दोषी ठरवितो. आठ दिवसांत दुरुस्त करतां येण्यासारखी ही समजूत आयुष्यभर टिकते. असें पुस्तक त्याच्या मायबोलींत असतें तर त्याचा विश्वास अधिक असता, आणि दोषाचा भारहि त्यानें अधिकच आपल्या माथीं घेतला असता. मराठीची सेवा म्हणून मीं त्याच्या हातीं हें द्यावयाचें होतें काय?

आतां आक्षेपांकडे वळतों. पहिला आक्षेप चिकाटीचा. ज्ञानकोशकार केतकरांनीं तेवीस खंड पुरे केले आणि तुम्हांला एक पुस्तक जड झालें, असें मला ऐकविण्यांत आलें. केतकरांचें नांव घेतांच आपण सारे मान खालीं घालतों, आणि तें योग्यच आहे. पण त्यांचें उदाहरण माझ्या बाजूचें आहे हें कोणी पाहत नाहीं. केतकरांनीं तें काम एकट्यानें, रात्रीं कंदिलापाशीं बसून केलें नाहीं. त्यांनीं मंडळ स्थापिलें, भागभांडवल उभारलें, वर्गणीदार मिळविले, कचेरी थाटून सहकारी नेमले. कामाचें स्वरूप ओळखून त्याला साजेशी संस्था आधीं उभी करावयाची, ही त्यांची खरी शिकवण आहे. मराठी विश्वकोशाचीहि तीच गोष्ट. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला आणि विसावा पुरा व्हावयास २०१५ उजाडलें. एवढ्या काळांत पहिल्या खंडांतील विज्ञान जुनें झालें यांत संपादकांचा दोष नव्हता. छापील खंडाचा तो स्वभावच आहे. जें विश्वकोशाला चाळीस वर्षांत झालें तें माझ्या पुस्तकाला आठ महिन्यांत होत होतें, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप असा कीं, पुस्तक जुनें झालें तर नवी आवृत्ति काढावी. इंग्रजींत काढतातच कीं. इंग्रजींत काय होतें तें पाहूं. जँगोवरचा प्रमाणग्रंथ खुद्द होलोव्हाटी आणि जेकब कॅप्लन-मॉस यांनीं लिहिला. एक तर त्या सांगाड्याचा जनकच, दुसरा त्याच्या प्रमुख कारागिरांपैकीं एक. त्याची पहिली आवृत्ति २००७ अखेर आणि दुसरी २००९ सालीं निघाली. शिवाय ग्रंथ मुक्त परवान्याखालीं महाजालावरहि ठेविलेला होता. इतकें असून त्यानंतर त्या जोडीच्या हातून तिसरी आवृत्ति निघाली नाहीं. ज्यांनीं वस्तु घडविली, ज्यांच्या भाषेला पृथ्वीभर गिऱ्हाईक आहे, ते जेथें थकले, तेथें मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ति संपेपर्यंत सांगाड्याच्या किती पिढ्या होऊन जातील याचा हिशेब प्रत्येकानें आपल्याशीं करावा.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक आहे. तो असा: “अपुरें कां होईना, जुनें कां होईना, मराठींत कांहीं तरी असूं द्या.” हें कांहीं तरी म्हणजे मराठीच्या मानगुटीस बसलेलें एक भूतच आहे. औषधाच्या दुकानांत मुदत संपलेली बाटली ठेवून, निदान मराठी नांवाची बाटली तरी आहे, असें कोणी म्हणेल काय? भाषेचा अभिमान जर वाचकाच्या नुकसानीवर उभा राहत असेल, तर तो अभिमान भाषेचा नसून लेखकाचा आहे. आणि असल्या पुस्तकांनीं मराठीचेंच नांव जातें. दोनदां फसलेला विद्यार्थी तिसऱ्यांदा मराठी पुस्तक हातीं धरीत नाहीं. शास्त्र शिकावयाचें तर इंग्रजीच हवी, असा निकाल तो कायमचा देऊन टाकतो.

अगदीं अलीकडे चौथा आक्षेप उलट्या दिशेनें येऊं लागला आहे. आतां संभाषण करणारीं यंत्रें मराठींत प्रश्न विचारला तर मराठींत उत्तर देतात. मग ग्रंथहि नको आणि भाषांतरहि नको, असें म्हणणारे भेटतात. पण हीं यंत्रें माणसांनीं लिहून ठेविलेल्या मजकुरावरच पोसलेलीं असतात, आणि त्या मजकुरांत या विषयांवरचें मराठी मुठींत मावण्याइतकें आहे. आपण लिहिणें थांबविलें तर त्यांची मराठी दिवसेंदिवस इंग्रजीची सावली होत जाईल. विहिरींत पाणी नसतां मोठा पोहरा विकत आणणाऱ्याचें आणि या मंडळींचें गणित एकच आहे.

मग असले ग्रंथ छापले जातात ते कां? वाचकाला ते नको आहेत. लेखकालाहि त्यांचा विशेष लोभ नसतो. ते हवे असतात बढतीच्या कागदांना. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलींत राष्ट्रीय प्रकाशकानें काढलेल्या पुस्तकाला १० गुण ठेविले, आंतरराष्ट्रीय प्रकाशकानें काढलेल्याला १२, आणि पुस्तकाच्या भाषांतराला ८. संगणकावरील पाठ्यसामग्रीलाहि गुण दिले, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेंत चुकीचें वाक्य दुरुस्त केलें, तिचीं वीस पानें मराठींत आणलीं, दुसऱ्यानें केलेलें भाषांतर नव्या आवृत्तीशीं ताडून पाहिलें, तर त्याला त्या तक्त्यांत रकाना नाहीं. अशा कामाला मुखपृष्ठ नसतें, पाठीवर तेरा आंकडी क्रमांक नसतो आणि एकट्याचें असें नांवहि नसतें. परिणाम काय व्हावयाचा तो झाला. तीन सहकाऱ्यांनीं मिळून इंग्रजी मार्गदर्शिकेचा गोषवारा काढावयाचा, आरंभीं संगणकाचा इतिहास आणि शेवटीं प्रश्नावलि जोडावयाची, थोड्या प्रती छापून आपसांत वांटावयाच्या, आणि उरलेल्या ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर ठेवावयाच्या: असें पुस्तक जन्मतःच मेलेलें असतें, पण त्याच्या जन्माचा दाखला दहा गुणांचा असतो. मीं माझीं प्रकरणें छापलीं असतीं तर मलाहि ते मिळाले असते. न छापल्याचे शून्य मिळाले. जी पद्धति मेलेल्या पुस्तकाला दहा आणि जिवंत पानाला शून्य देते, तिनें मराठी समृद्ध होण्याची वाट पाहणें हें बाभळीखालीं आंब्यासाठीं झोळी पसरण्यासारखें आहे.

या भागांतील माणसांनीं तरी हें ओळखावयास हवें होतें. कारण देशी भाषेंत उच्च शिक्षण देण्याचा एक फार मोठा प्रयोग आमच्याच जुन्या राज्यांत झाला. गंगापूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. त्या संस्थानानें १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापिलें आणि गणितापासून वैद्यकापर्यंतचें शिक्षण उर्दूतून देण्याचें ठरविलें. त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें काढलें. पगारी भाषांतरकार नेमले. पारिभाषिक शब्द ठरविण्यास विद्वानांच्या समित्या बसविल्या. उर्दूचे कोशकार मौलवी अब्दुल हक यांनीं औरंगाबादेंत राहून त्या भाषेची जी सेवा केली ती सर्वश्रुत आहे. ती भाषा राज्यकर्त्यांची होती, आमच्या शेतकऱ्याच्या घरांतली नव्हती. मराठी मुलांवर तिचा भार पडला, ही तक्रार खरी आहे आणि मी ती विसरत नाहीं. पण देशी भाषेंत वैद्यक शिकवितां येतें, हें त्या प्रयोगानें सिद्ध केलें.

त्यांतून दोन धडे निघतात. एक असा कीं, काम झालें तें खातें होतें म्हणून. कोणी एकटा अध्यापक सुटींत वैद्यकाचीं पुस्तकें उर्दूंत आणीत बसला नव्हता. दुसरा धडा अधिक कडू आहे. १९४८ नंतर राज्य पालटलें, शिक्षणाचें माध्यम पालटलें, खातें थांबलें; आणि एवढ्या कष्टानें झालेलीं भाषांतरें वर्गांतून उठून इतिहासांत गेलीं. तीं कोणी जाळलीं नाहींत. तीं नवीं करणारें कोणी उरलें नाहीं, इतकेंच झालें. शास्त्राच्या भाषांतराला मारण्यास शत्रु लागत नाहीं. त्याचा सांभाळ थांबला कीं तें आपोआप मरतें. २०२१ पासून अभियांत्रिकीचीं पाठ्यपुस्तकें मराठीसह भारतीय भाषांत आणण्याचा सरकारी उपक्रम सुरू झाला आहे. त्याचें मी स्वागत करतों. पण पुस्तक प्रसिद्ध करण्याच्या समारंभाला जेवढीं माणसें बोलावतों त्यांच्या एक दशांश माणसें तरी पुढच्या वर्षीं तें पुस्तक तपासावयास नेमलीं आहेत काय, हा प्रश्न विचारल्यावांचून मला राहवत नाहीं.

तर मग करावयाचें काय? माझें उत्तर दुहेरी आहे. जें टिकतें त्यावर ग्रंथ लिहावा. जें बदलतें त्यावर पान लिहावें आणि तें पान रोज झाडावें. कर्निघन आणि रिची यांचें सी भाषेवरील छोटेखानी पुस्तक १९७८ सालीं निघालें, १९८८ सालीं एकदां सुधारलें, आणि तें आजहि विद्यार्थ्यांच्या हातीं दिसतें. डोनाल्ड कनूथ यांनीं संगणकलेखनाच्या कलेवरील आपला महाग्रंथ १९६२ सालीं आरंभिला. पहिला खंड १९६८ सालीं आला, चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ सालीं आला, आणि ग्रंथ अजून पुरा नाहीं. तरी त्याच्या अपुरेपणावर कोणी बोट ठेवीत नाहीं, कारण त्यांतील सिद्धांत शिळे होत नाहींत. कॉड यानें १९७० सालीं नोंदींच्या परस्परसंबंधाचा जो सिद्धांत मांडला, त्यावर आजचे असंख्य माहितीसांठे उभे आहेत. असल्या विषयांवर मराठींत चांगलीं पुस्तकें असतीं तर आमचा विद्यार्थी कोणताहि सांगाडा पंधरवड्यांत शिकला असता. आपण त्याला पाया दिला नाहीं, आणि छपराच्या कौलांवर ग्रंथ लिहावयास बसलों. मीहि बसलों, हा माझा खरा अपराध.

दुसरें काम पानांचें. जँगोची मार्गदर्शिका फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, कोरियन, इतकेंच काय इंडोनेशियन भाषेंतहि थोडीफार आणली गेली आहे. हें कोणा एका पंडितानें केलेलें नसून ज्याला जेवढें जमेल तेवढें करणाऱ्या अनेकांनीं केलें आहे, आणि नवी आवृत्ति आली कीं बदललेलीं वाक्येंच तेवढीं पुन्हां पाहिलीं जातात. त्या यादींत मराठीचें नांव मला दिसत नाहीं. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनीं पूर्वींच लिहून ठेविलें आहे कीं, या चळवळींतील मोठी उणीव चांगल्या आणि मुक्त पुस्तिकांची आहे. जी वस्तु सर्वांनीं मिळून घडविली आणि सर्वांना दिली, तिच्यावरचें पुस्तक मात्र सर्व हक्क राखून विकावें, यांतली विसंगति माझ्या ध्यानांत फार उशिरां आली.

भाषांतर, दुरुस्ती, ताडून पाहणें हीं कामें दुय्यम आहेत, स्वतंत्र ग्रंथकर्त्याला तीं शोभत नाहींत, असें ज्यांना वाटतें त्यांनीं आमच्या नदीच्या दोन्ही कांठांकडे पाहावें. कायगांवाहून पलीकडे उतरलें कीं नेवासें दूर नाहीं; तेथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढें नकलांवर नकला होतां होतां तिच्यांत अपपाठ शिरले, आणि शके १५०६ मध्यें, इकडे पैठणास, एकनाथांनीं तिची प्रत शुद्ध केली. नाथांनीं स्वतःचे ग्रंथ विपुल लिहिले. तरीहि दुसऱ्याच्या ग्रंथाचे पाठ ताडून पाहण्यांत आपला काळ घालविणें त्यांना कमीपणाचें वाटलें नाहीं. अमर ग्रंथालाहि तीनशें वर्षांत सांभाळणारा लागला. मग आठ महिन्यांत बदलणाऱ्या मार्गदर्शिकेला तो लागणार नाहीं काय? ग्रंथकर्त्यांचा सत्कार करणाऱ्या संस्था आपल्याकडे पुष्कळ आहेत. पाठशुद्धि करणाऱ्याला शाल देणारी एकहि माझ्या पाहण्यांत नाहीं.

माझ्या नऊ प्रकरणांचें काय झालें, तेंहि सांगून कैफियत संपवितों. महाजालावर मागणी आणि उत्तर यांची देवघेव कशी चालते, नोंदी तक्त्यांत कशा मांडाव्या, गुप्त शब्द कसे राखावे, आणि आपलीं देवनागरी अक्षरें संगणकांत कशीं सांठविलीं जातात, हीं चार प्रकरणें सात वर्षांत फारशीं बदललीं नव्हतीं. त्यांचें एक लहान पुस्तक मी करीत आहें. तें पुरें होईल अशी उमेद आहे. उरलेलीं पांच मीं महाजालावर खुलीं करून टाकलीं आहेत, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर तें कोणत्या आवृत्तीचें आहे हें मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे. मार्गदर्शिकेचीं पहिलीं पानें मराठींत आणण्याचा उद्योग चार विद्यार्थ्यांना घेऊन चालविला आहे. काम धिमें आहे आणि त्याचा कोठेंहि गुण धरला जात नाहीं. प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयानें अशीं दहा पानें पत्करलीं आणि दर आवृत्तीला तीं पुन्हां वाचलीं, तर माझ्या टाकलेल्या ग्रंथाहून कितीतरी मोठा ग्रंथ मराठींत उभा राहील. त्यावर कोणा एकाचें नांव मात्र असणार नाहीं.

त्या चार विद्यार्थ्यांत, जुनें पुस्तक घेऊन आलेला तो मुलगा आहे. परवां त्यानें मीं भाषांतरिलेल्या एका पानांत चूक काढली. नव्या आवृत्तींत बदललेली एक आज्ञा मीं जुनीच ठेविली होती. त्यानें मला न विचारतां ती दुरुस्त केली आणि मागाहून सांगितलें. छापील पुस्तकांत तीच चूक असती, तर ती त्याला स्वतःची वाटली असती.